तलावावरचा नायक

वडूजच्या लालासाहेब सुभेदारांना पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली, पण अंगातली पलटण काही जात नव्हती. हिवाळ्यात गावच्या तलावावर राखी हंस उतरले, की हा गडी सकाळीच काठावर हजर. लडाखला ड्युटीवर असताना तिथल्या तळ्याकाठी हेच हंस त्यांनी पिल्लांसकट पाहिले होते. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, पलटणीत नायकाच्या दंडावर असतात तशा, म्हणून सुभेदारांनी त्यांना हुद्दाच देऊन टाकला होता, नायक! बर्फाचे डोंगर ओलांडून ही पाखरं आपल्या तलावावर येतात, हे सांगताना त्यांचा आवाज हळू व्हायचा. ऐकणारे गालात हसायचे. हसोत बापडे.

यंदा एक हंस काठावर मरून पडला. शहाण्या माणसानं काय करावं? लांबूनच जनावरांच्या दवाखान्यात कळवावं. पण सुभेदार कसले! नायक पडलाय, त्याला कुत्र्यांच्या तोंडी कसा द्यायचा? उघड्या हातांनी उचलून घरी आणला, जुन्या खाकी शर्टात गुंडाळला आणि परड्यात खड्डा काढून, कडक सॅल्यूट ठोकून माती दिली.

चार-आठ दिवसांत त्यांच्या बायकोच्या, मनुबाईंच्या कोंबड्या माना टाकायला लागल्या. दोन गेल्या. नवरा सरहद्दीवर असताना त्या बाईला घरात सोबत होती ती या कोंबड्यांच्या आया-आज्यांची.

"आवं, तुमीच आणलं ह्ये घरात," मनुबाई कडाडल्या आणि त्यांनी नवऱ्याशी बोलणंच टाकलं.

सुभेदारांनी आपणहून जनावरांचा दवाखाना गाठला आणि डॉक्टर संयोगिताबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी त्यांची चांगली हजेरी घेतली. मग अंगभर पांढरा पोशाख चढवून आल्या, हंस उकरून काढला, त्याचे, कोंबड्यांचे आणि सुभेदारांच्याही घशाचे नमुने घेतले. "कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तर एकही ठेवता येणार नाही," असं बजावून गेल्या. घरात चूल पेटत होती एवढंच, घास कुणाला गोड लागत नव्हता.

शेवटी बाई आल्या त्या हसतच. "मावशी, कोंबड्यांना मानमोडी, म्हणजे राणीखेत झालीय. फ्लू नाही. तो एकट्या हंसालाच होता. सुभेदारही ठणठणीत. आता उरलेल्यांना लस देऊ."

मनुबाईंनी हात जोडले आणि त्या खुराड्याकडे वळल्या.

"आणि सुभेदार, ऐका," बाई म्हणाल्या. "विषाणूच्या पोटात चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. त्याची नक्कल होताना एखादं अक्षर चुकतं, आणि ती चूक पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. तुमच्या हंसाच्या विषाणूतल्या चुका लडाखला तपासलेल्या एका हंसाच्या विषाणूतल्या चुकांशी जुळल्या. दोन्ही एकाच घराण्यातले."

डोळ्याला न दिसणारं ते किडूक, आणि त्याच्या अंगावर थेट लडाखचा पत्ता! अरे बापरे!

"बाई, तितं आमाला धाप लागायची," सुभेदार पुटपुटले. "आन ही पाखरं आमच्या डोक्यावरनं जायची. आज त्यांचा माग कुठनं लागला बगा!"

खुराड्याचं दार उघडून मनुबाई तशाच उभ्या होत्या. कोंबड्या पायांतून बाहेर पळत होत्या, पण त्यांचं तिकडं ध्यान नव्हतं.

"तुमी व्हता तितनं आलं व्हय त्ये?"

"व्हय."

"त्या थंडीतनं तुमी माघारी आलासा," त्या म्हणाल्या, "आन ह्ये बिचारं एवढ्या लांब येऊन मेलं."

आणि इतके दिवस तोंड मिटून बसलेली ती बाई पदर डोळ्यांना लावून त्या परक्या पाखरासाठी ओक्साबोक्शी रडायला लागली.