तळवेवाली मावशी

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात, कामरगावात, माझ्या दीड वर्षाच्या मुलाच्या अंगावर फोड उठले. त्याला अजून देवी टोचलेली नव्हती. सकाळीच तळवेवाली मावशी आमच्या घरी आली.

मावशीची गावाबाहेर वांग्या-मेथीची बाग होती. लेकराच्या अंगावर काही उठलं की तिला बोलावणं जाई. ती तोंड पाहत नसे. आधी तळपाय, मग तळहात. "माय तळव्यापोतर जाते," ती म्हणे. "घामोळ्या मानेत बसतात, गोवर कानामागून निंगतो." तिनं 'माय आली' म्हटलं, म्हणजे देवी आली. मग दाराला कडुनिंब, आणि घरात फोडणी, औषध, आंघोळ बंद.

आमच्या दाराला आईनं कडुनिंब आधीच बांधला होता.

"तळवे कोरे हायेत," मावशी म्हणाली.

"मंग वाढून काहून राह्यले?" आईनं विचारलं. "काल कमरेपुरते होते. आज पोटावर, गालावर."

"कमरेले काय बांधलं?"

"बिबा. पुरळ दिसलं, नजर लागली वाटलं. म्हून काल अजून एक ताजा बांधला."

ताज्या बिब्याचं तेल कातडी जाळतं. मावशीनं हाताला पदर गुंडाळून काळा दोरा तोडला. "हे माय नोहे वं. बिबा उतला. पाणी आन."

आई पाण्याच्या रांजणापुढं उभी राहिली. "मायले पाणी लावशीन? लेकराचं बरंवाईट झालं त कोनाच्या जिवावर?"

"माह्या. सरक."

पाणी माझ्या बायकोनं आणलं. आई अंगणात निघून गेली. मूल किंचाळत होतं. डोळे चोळू नयेत म्हणून बायकोनं त्याचे हात धरून ठेवले. धुऊन झाल्यावर मावशीनं खोबरेल लावलं आणि तिथंच बसून राहिली.

"मावशी, पक्कं ना?" मी विचारलं.

"पक्कं असतं त बसली असती काय, बाप्पा? वांगे तोडाचे राह्यले माहे."

दुसऱ्या दिवशी नवा फोड उठला नाही. मूल वाचलं. गावानं मात्र ठरवलं की देवीनं लेकराला माफ केलं, पाणी लावणारीला नाही. मावशीला बोलावणी येईनाशी झाली. दिवाळीनंतर बाग सोडून ती आसेगावला बहिणीकडे गेली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात खरोखर देवी आली. मुलाच्या मानेवर पुरळ दिसलं. त्या घामोळ्याच होत्या, पण ते नंतर कळलं. त्या सकाळी आईच म्हणाली, "गाडी जुंप. तिले घेऊन ये."

आसेगावात दार बहिणीनं उघडलं. मावशी फाल्गुनात वारली होती.