नंबरकाकांचे परत आलेले चष्मे

आमच्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम नंबरकाका करायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, हाक मात्र नंबरकाकाच. मी मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचो. एकवीस वर्षं आमच्या दोघांमध्ये एक पातळ लाकडी पार्टिशन होतं, आणि पलीकडून त्यांचा एकच प्रश्न दिवसभर कानावर पडायचा, "हे बरं, की ते बरं?"

माणूस कामाला चोख. म्हाताऱ्या बायका अक्षरं ओळखताना अडखळल्या की म्हणायचे, सावकाश, तक्ता कुठं पळून जात नाही. पाव नंबरचा फरकसुद्धा त्यांना खपायचा नाही. मालक वेळेवरून कुरकुरायचे, पण गिऱ्हाईक काकांचंच नाव घेऊन यायचं.

मग चष्मे परत यायला लागले. आधी महिन्याला एखादा, नंतर आठवड्याला दोन-तीन. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला पायरी वर आल्यासारखी वाटायची. मी काचा तपासायचो, तर त्या काकांनी लिहून दिलेल्या नंबराच्याच असायच्या. म्हणजे नंबरच चुकत होता. काका खचले. सकाळी लवकर येऊन तक्त्याचं अंतर टेपनं मोजायचे, पेटीतली भिंगं एकेक करून पुसायचे. स्वतःचे डोळे दोन ठिकाणी तपासून आले. डोळे ठणठणीत निघाले तेव्हा तर जास्तच घाबरले.

कारण मला ठाऊक होतं. काकांच्या तोंडाला वास यायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता. तपासणीची खोली एवढीशी, दार बंद, आणि भिंग बदलायला काका गिऱ्हाइकाच्या अगदी नाकाशी वाकायचे. माणूस श्वास रोखून बसायचा आणि एकदाची सुटका व्हावी म्हणून दुसऱ्याच भिंगाला सांगून टाकायचा, हो हो, छान दिसतंय. हा माझा तर्क नाही. मी स्वतः त्या खुर्चीत बसून हेच केलं होतं. तो चष्मा चार दिवसांत ड्रॉवरमध्ये टाकला आणि गुपचूप दुसरीकडून नंबर काढून आणला.

सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण वडिलांच्या वयाचा माणूस, जीभच रेटेना. शहाणपणा करून मी पेपरमिंटच्या गोळ्यांची डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. काका खूश झाले आणि येईल त्या गिऱ्हाइकापुढे डबी धरू लागले. स्वतः एकही तोंडात टाकली नाही. गोडानं दाढ ठणकते रे, म्हणाले. दाढेचा विषय त्यांनी आपणहून काढला होता, तरी मी मूग गिळून बसलो.

एके दिवशी एका शाळकरी मुलीचा चष्मा तिसऱ्यांदा परत आला. काकांनी त्याच दुपारी राजीनामा लिहिला. पोरांच्या डोळ्यांशी खेळ नको, माझा मलाच भरवसा राहिला नाही, म्हणाले. मालकांनी अडवलं नाही. मीही नाही.

दीड वर्षानं ते दुकानात आले आणि मागच्या खोलीत माझ्याजवळ स्टूल ओढून बसले. चेहरा उजळलेला. त्यांच्या नातीनं म्हणे तोंडावर सांगितलं होतं, आजोबा, तुमच्या तोंडाला वास येतो, लांब बसून गोष्ट सांगा. आधी राग आला, मग दातांच्या डॉक्टरकडे गेले. हिरड्यांत पू, एक दाढ आतून किडलेली, जिभेवर जाड थर. डॉक्टरनं दाढ काढली, हिरड्या साफ केल्या, रोज जीभ घासायला लावली. महिन्याभरात वास गेला. हे बरीच वर्षं वाढत गेलं असणार, डॉक्टर म्हणाले, आपला वास आपल्याला कळत नाही, दुसऱ्यानंच सांगावा लागतो. काका माझ्या कानाशी बोलत होते आणि खरोखरच मशीनच्या तेलाशिवाय कशाचा वास येत नव्हता.

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"एक विचारू? ते चष्मे परत यायचे ना, लोक वासानं वैतागून काहीतरी सांगून उठत तर नसतील? तू इतकी वर्षं शेजारी होतास. तुला यायचा का रे वास?"

ते कशासाठी आले होते ते मला स्वच्छ दिसत होतं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. तेवढ्यानं त्यांची गेलेली विद्या त्यांना परत मिळणार होती. पण हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग बोलला का नाहीस?

"नाही काका," मी म्हणालो. "मला तरी कधी आला नाही."

उजळलेला चेहरा माझ्यासमोर उतरला.

"म्हणजे माझंच चुकत होतं," ते म्हणाले, आणि स्टूल जागेवर ठेवून निघाले. दारापर्यंत मोजून सहा पावलं होती. मी हाक मारली नाही.