अब्बांनी तांदळाने मोजलेला युरोप

परवा शुक्रवारी जेवताना आमच्याकडे एक गंमत झाली. गंमत म्हणते खरी, पण माझं पुढचं सगळं तिच्यावर अडून होतं... म्हणून मैत्रिणींनो, जरा मागून सांगते.

इंग्लंडच्या एका लहान गावात शिक्षिकांचं कॉलेज आहे. तिथे मला प्रवेश मिळाला. फी माफ, पण राहण्या-खाण्याचा खर्च आपला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे बी.ए. झाल्यावर आणखी शिकायचं म्हणजे काय, हे मलाच सगळ्यांना समजावून सांगावं लागतं. शिकून परत यायचं आणि दापोलीकडच्या आमच्या गावात मुलींची शाळा काढायची, हे मात्र मनात पक्कं आहे.

अब्बा नाही म्हणाले नाहीत. "तिकडे महागाई वाढतेय म्हणतात. आधी नीट चौकशी कर, मग बघू," एवढंच म्हणाले. आम्ही सध्या राहतो कुवेतमध्ये, तिथे बनेद अल-गार वस्तीत त्यांचं किराणा दुकान आहे. कंपन्यांतल्या युरोपियन साहेबांच्या बायका, इस्पितळातल्या नर्सबाया लोणी-बिस्किटं न्यायला तिथेच येतात. चौकशीला लांब जायलाच नको होतं.

मी संध्याकाळी गल्ल्यापाशी बसू लागले. अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेली मी... देशवार तुलना करायची असं ठरवलं होतं. पण झालं भलतंच. प्रत्येक बाई आपलाच देश सगळ्यांत महाग म्हणून सांगायची! इंग्रज नर्सबाई कोळसा आणि घरभाड्यावर चिडलेली. डच बाई म्हणे, आमच्याकडे नवीन संसाराला घरच मिळत नाही, भाड्याचं काय घेऊन बसलात? इटालियन बाईने तर पावाची किंमत लिरात सांगितली. तो शेकड्यांतला आकडा ऐकून अब्बांच्या हातातलं साखरेचं माप कलंडलं.

"पावाला एवढे? सोन्याचा असतो काय गो?"

लिरा म्हणजे दिनार नव्हे, हे त्यांना समजावता समजावता माझी संध्याकाळ गेली.

मग अब्बांनीच सूत्रं हातात घेतली. आकडे बाजूला ठेव म्हणाले, आणि आपल्या दुकानी इंग्रजीत थेट विचारायला सुरुवात केली, "राइस, मॅडम? राइस हाऊ मच?"

इंग्रज नर्सबाई गोंधळली. तांदूळ ती फक्त दुधात शिजवून गोड खायची, तोही कधीमधी. इटालियन बाईचा चेहरा मात्र खुलला. त्यांच्याकडे भात पिकतो, आणि घरोघरी खातातही. अब्बांनी लगेच निकाल दिला, "मग तू इटलीलाच का जात नाहीस?" आता इटालियन भाषेत मी कोणतं कॉलेज करणार होते...

पुढचा प्रश्न नारळाचा. नर्सबाई हसायलाच लागली. तिच्याकडे नारळ जत्रेत दिसतो म्हणे. काठीवर ठेवलेला असतो. लांबून चेंडू मारायचा, पडला तर तुमचा.

"म्हणजे नेम चुकला की त्या दिवशी कालवण नाही!" अब्बा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण रात्री अम्मीला ते गंभीर होऊन सांगत होते, "जिथे तांदूळ नाही, नारळ नाही, तिथे पोरगी जगेल कशी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. अब्बा युरोपची महागाई मोजतच नव्हते. ते कोकणातलं ताट उचलून एकेका देशात ठेवून बघत होते. त्या ताटाला इंग्लंड महागच पडणार... पण तिथल्या बायका तरी ते ताट कुठे जेवतात?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरात जाहीर केलं, की आजपासून मी नर्सबाईंसारखी जेवणार. उकडलेले बटाटे, पाव, कोबी, कधी अंडं. अम्मी म्हणाली, "आजारी पडशील." धाकटी बहीण माझ्या ताटात डोकावून विचारायची, "मॅडम, पोटॅटो हाऊ मच?"  पण माझ्यासाठी दुकानातून बटाटे अब्बा स्वतः निवडून आणत होते, हे मला दिसत होतं.

आणि मग परवाचा शुक्रवार. दुकान बंद. अम्मीने पापलेटचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. इथे त्या माशाला झुबैदी म्हणतात, पण अम्मीच्या हातचं कालवण कोकणातलंच. त्या वासाने जीव नुसता कासावीस झाला. मी मान खाली घालून बटाटा सोलत बसले. खरं सांगते, बटाट्याचा आणखी एक घास घ्यावा लागला असता तर हरले असते...

अब्बांनी हात पुढे केला. "एक दे बघू."

मी दिला. त्यांनी तो तसाच खाल्ला, सावकाश. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि अम्मीकडे वळले.

"पोट भरतं. चव मात्र काही नाही. मसाला कुटायला घे... हिला इंग्लंडला न्यायला बरणीभर लागेल. आणि मिरच्या दुकानातल्या नको, गावाहून मागव."

मला कळायलाच वेळ लागला. अम्मीला आधी कळलं. तिने माझ्यापुढचा बटाटा उचलला आणि कालवणाचं ताट सरकवलं.

कोणता देश किती महाग, हे मला अजूनही ठामपणे सांगता येणार नाही. पण माझ्यासाठी अब्बांनी परवा आपलं ताट बाजूला सारून दुसऱ्याचं चाखून बघितलं... गावच्या शाळेत उद्या मी पोरींना काही शिकवू शकले, तर त्याची सुरुवात त्या घासापासून झाली असं समजेन.