नाना धुळ्याला आहेत

त्या जांभळ्या गेंड्याला आवाज देणारा माणूस मला एकदा भेटायला हवा. मी त्याला काही करणार नाही. फक्त आमच्या जळगावच्या घरात भर एप्रिलमध्ये दुपारी बारा ते तीन टीव्हीसमोर बसवीन आणि त्याचाच आवाज त्याला ऐकवीन. चौथ्या दिवशी तो स्वतःहून दुसरं काम शोधेल.

आवाजाचं मला वावडं नाही. माझं मोटारी भरण्याचं दुकान होतं. म्हणजे विहिरीवरच्या पंपाची मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसून नवी तार भरून द्यायची. रावेरच्या केळीवाल्यांपासून जामनेरच्या कापूसवाल्यांपर्यंत सगळे माझ्याकडे यायचे. चाचणीला लावलेली मोटार घुमायची, शेजारचा दुकानदार पत्रा कापायचा, समोर ट्रकवाले एकमेकांच्या नावाने हॉर्न मारायचे. त्या सगळ्यात मी खुर्चीत बसून डुलकी काढलेली आहे. पण हा गेंडा बोलायला लागला की माझ्या दाढा शिवशिवतात. तो बोलतच नाही मुळी, किंचाळतो. आनंद झाला तरी किंचाळतो, पाऊस आला तरी किंचाळतो, चपलेचा एक जोड सापडला नाही म्हणून सगळं जंगल गोळा करून किंचाळतो. आणि सगळं हिंदीत, तेही असल्या तुपातल्या हिंदीत की तसं बोलणारा माणूस मला अख्ख्या खान्देशात तर सोडाच, बऱ्हाणपुरातही भेटलेला नाही.

सगळ्यात डोकं फिरतं ते त्याच्या प्रश्नांनी. मध्येच थांबतो, मोठे डोळे करून आपल्याकडे बघतो आणि विचारतो, ‘बताओ बच्चों, आम किस रंग का है?’ मग पापण्या फडफडवत गप्प. साडेतीन वर्षांची आमची नात ओरडते, ‘पीला!’ की हा म्हणतो, ‘शाबाश!’ एकदा ती पाणी प्यायला आत गेली होती. तेव्हा मीच मोठ्याने म्हणालो, ‘काळा! तुझ्या तोंडासारखा!’ तर म्हणे, ‘शाबाश!’ कोणी काही ऐकत नाही, उगाच ऐकल्याचं नाटक. असला राग आला मला.

आता कोणी म्हणेल, बंद का नाही करत? बरोबर आहे. पण मुलगा आणि सून दोघं सकाळी नऊला कामावर निघतात. बायकोचे गुडघे कामातून गेलेले. पोरगी बालवाडीतून बाराला आली की तिच्यामागे पळायची ड्युटी माझी. ती एका जागी बसते फक्त गेंड्यासमोर, आणि घास गिळते तोही फक्त गेंड्यासमोर. म्हणून रिमोट माझ्या हातात. मीच लावून द्यायचो, मग कानात कापसाचे बोळे घालून मागच्या खुर्चीत पेपर उघडायचो आणि पेपराआडून गेंड्याला शिव्या द्यायचो.

बायको सोनगीरकडची. चाळीस वर्षं जळगावात काढली तरी रागावली की अहिराणीवर येते. ‘पोर जेवी राह्यनी ना? मंग तुम्ही कसाले बोंबा मारतस?’ म्हणायची. मी म्हणायचो, ‘अगं, पण डोकं फुटायची वेळ आली.’ ‘फुटू द्या,’ ती म्हणायची, ‘तेन्हामा काय शे असं?’ म्हणजे त्या डोक्यात आहे काय एवढं! घ्या! त्या गेंड्याला मात्र ती कधी काही बोलली नाही.

एकदा दुपारी लाइट गेली. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात टिक् करून आवाज झाला आणि गेंडा जिथे थांबला होता तिथून पुढे किंचाळायला लागला. इन्व्हर्टर! दोन महिन्यांपूर्वी मीच, माझ्या हातांनी, टीव्हीचा प्लग त्याच्यावर जोडून दिला होता. बायको इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले.

इथवर सगळं डोकेदुखीतच जमा होतं. त्यापुढे जे झालं ते वेगळं होतं.

मला सगळे नाना म्हणतात. दुकान टाकलं तेव्हा मी पंचविशीचा होतो. पहिल्याच महिन्यात एक पांढऱ्या मिशांचा शेतकरी बैलगाडीत मोटार टाकून आला. मी ती भरून दिली. चालू करून बघितल्यावर तो माझ्यापेक्षा दुप्पट वयाचा माणूस मला म्हणाला, ‘ओ नाना, झकास काम.’ आमच्याकडे हे असं मिळतं. कोणी भाऊ होतो, कोणी आबा, कोणी नाना, आणि एकदा चिकटलं की सुटत नाही. पुढे बायकोने तेच उचललं, मुलाने तेच, सून लग्न होऊन आली तिनेही तेच. माझं कागदावरचं नाव बँकेत पुकारलं तर मला उठायला वेळ लागतो. नात बोलायला लागली तेव्हा तिचा तिसरा शब्द ‘नाना’ होता. पहिला मम्मा, दुसरा भूभू. मी कॉलनीतल्या प्रत्येक घरात सांगून आलो होतो.

तर त्या गेंड्याचा वाढदिवस आला. वाढदिवसाला त्याच्या घरी दोन म्हातारे गेंडे आले. एकाच्या हातात मोठी पेटी, डोक्यावर टोपी, आल्या आल्या नाचायला लागला. दुसरा आरामखुर्चीत, तोंडावर पेपर, घोरत. आणि गेंडा किंचाळून समजावून सांगू लागला की मम्मीचे पापा म्हणजे नानाजी आणि पापांचे पापा म्हणजे दादाजी. एकदा नाही, गाऊन, टाळ्या वाजवून, आठ वेळा. मी पेपराआड होतो, माझं लक्षही नव्हतं.

नात उठून माझ्याकडे आली. माझा पेपर खाली ओढला, टीव्हीतल्या घोरणाऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘तू हा.’

मी म्हणालो, ‘मी तर नाना.’

‘नाही. तू दादाजी. नाना धुळ्याचे.’

धुळ्याला माझे व्याही, सुनेचे वडील. त्यांना त्यांच्या घरात आणि आमच्याही घरात सगळे आबा म्हणतात. नातही आबाच म्हणायची. मी तिला मांडीवर घेतलं, समजावलं. बाळा, ते हिंदीत असतं. हिंदीत आईच्या वडिलांना नाना म्हणतात, आपल्याकडे तसं नसतं, आपल्याकडे नाना कोणीही असतो. आणि आपल्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ. मी काय तुझा भाऊ आहे का? तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘गेंडू खोटं बोलत नाही.’

संध्याकाळी धुळ्याचा व्हिडिओ कॉल आला. हिने फोन हातात घेतला आणि पहिली हाक मारली, ‘नाना!’ तिकडे आबा आधी दचकले. मग सुनेने हसत हसत सगळा किस्सा सांगितला. व्याही असले खूश झाले! ‘वा वा! म्हणजे आम्हाला आयती बढती, आणि तुमची बदली,’ असं म्हणून फोनवर गडगडून हसले. मीही हसलो. व्याही माणूस, न हसून सांगता कोणाला? पण फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. हसण्यासारखं काय होतं त्यात? माझी एकच गोष्ट होती, ती माझ्याच घरातून, माझ्याच इन्व्हर्टरवर चालणाऱ्या टीव्हीने उचलून धुळ्याला नेऊन दिली.

‘नाना, ती आठ दिवसांत विसरेल,’ सून म्हणाली.

विसरली नाही. पंधरा दिवस झाले. सकाळी उठून ‘दादाजी, बूट घाल.’ जेवताना ‘दादाजी, गेंडू लाव.’ बाहेरच्या ओट्यावर शेजारचे गृहस्थ बसले होते, ते मुद्दाम म्हणायला लागले, ‘काय दादाजी, झालं का जेवण?’ त्या दिवशी माझी सटकली. मी आत आलो, टीव्ही बंद केला, रिमोट कपाटावर ठेवला आणि तिच्यासमोर उभा राहून ओरडलो. ‘परत मला दादाजी म्हणायचं नाही! समजलं? एकदाही नाही! मी नाना आहे!’

मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडलो होतो. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. बायको भिंत धरत स्वयंपाकघरातून आली, पोरीला जवळ घेतलं आणि मला म्हणाली, ‘पोरनी काय चूक शे तेन्हामा?’ दुसऱ्या दिवशी पोरीने टीव्हीशिवाय एक घास खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी कपाटावरचा रिमोट मीच काढला. पण दादाजी बंद झालं. मी जिंकलो असं मला वाटलं. ती मला नानाही म्हणत नव्हती हे लक्षात यायला मला तीन-चार दिवस लागले. काही हवं असलं की माझा शर्ट ओढायची.

त्याच आठवड्यात पोरीला रोज ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्याच्या घरी लग्न निघालं, म्हणून पोरीला बालवाडीतून आणायला मला जायचं होतं. सुनेने सकाळी ओळखपत्र टेबलावर ठेवून दोनदा बजावलं होतं, कारण शाळा ओळखपत्राशिवाय मूल कोणाच्या हाती देत नाही. मी ते टेबलावरच विसरलो. फाटकापाशी पोहोचल्यावर खिसे चाचपले.

नवीन बाई होत्या, तरुण, मला न ओळखणाऱ्या. मी म्हणालो, ‘कार्ड राहिलं घरी. पण मी तिचा नाना. तिला विचारा हवं तर.’

बाई शांत होत्या, त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी नातीचा हात धरून तिला पुढे आणलं आणि विचारलं, ‘बेटा, हे तुझे नाना ना?’

नातीने मान हलवली. ‘नाही.’ मग स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘नाना धुळ्याला आहेत.’

फाटकापाशी दहा-पंधरा माणसं उभी होती. एका आजीने आपल्या नातवाला हळूच मागे ओढलं. बाईंनी नातीचा हात घट्ट धरला. मी हसून म्हणालो, ‘अहो, ते टीव्हीमुळे होतंय, एक गेंडा आहे...’ आणि माझं मलाच ऐकू आलं की मी काय बोलतोय. ओळखपत्र नाही, पोरगी ओळखत नाही आणि म्हातारा गेंड्याबद्दल सांगतोय. बाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही जरा बाजूला थांबा.’ काका! मग माझा आवाज चढला. ‘अहो बाई, माझ्या मांडीवर मोठी झालीय ती! अख्खं जळगाव मला नाना म्हणतं! कोणालाही विचारा!’ आवाज चढल्याबरोबर शिपाई खुर्चीतून उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

बाईंनी तरी एक बरं केलं. गुडघ्यांवर बसल्या, नातीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि मऊ आवाजात विचारलं, ‘घाबरू नकोस हं. नाना नाहीत ना हे? मग हे कोण आहेत?’

नातीने माझ्याकडे बघितलं. तिला सांगायचं होतं. तिचे ओठ उघडले, ‘दा...’ पर्यंत आले, मला स्पष्ट दिसलं. मग तिने माझा तापलेला चेहरा बघितला आणि पुढचं गिळून टाकलं. एक शब्द तिच्या हिशेबाने खोटा होता आणि दुसरा मी बंद केला होता. शेवटी बाईंना म्हणाली, ‘हे आमच्या घरी असतात. मला टीव्ही लावून देतात.’

बाई हसल्या. मागचेही दोघं-तिघं हसले. बाईंनी सुनेला फोन लावला, सुनेने फोटो पाठवला, दोन मिनिटांत सगळं मिटलं. ‘सॉरी हं आजोबा,’ बाई म्हणाल्या, ‘नियम आहे.’ मी म्हणालो, ‘बरोबर आहे तुमचं.’

स्कूटरवर ती पुढे उभी राहिली, दोन्ही हात आरशांच्या दांड्यांवर. ऊन मी म्हणत होतं. मी तिच्या डोक्यावर माझा रुमाल टाकला. मनात तेच घोळत होतं. साडेतीन वर्षं मी तिच्या जवळ असतो, आणि कोणी विचारलं की हा माणूस कोण, तर तिला सांगायला तेवढंच सापडलं. तेही खरंच होतं. त्या गेंड्यावर मी किती चिडलो असेन, पण तो निदान तिच्याकडे तोंड करून बोलत होता. मी मागे पेपर घेऊन बसलो होतो.

रेल्वे पुलाखालच्या सावलीत मी स्कूटर थांबवली. तिच्या कानाशी वाकून म्हणालो, ‘मघाशी तू दादाजी म्हणणार होतीस ना? म्हण.’

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

‘म्हण गं. मी नाही ओरडणार. नाना म्हण, दादाजी म्हण, तुला हवं ते म्हण.’

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं आणि पुन्हा समोर तोंड केलं. मी स्कूटर चालू केली. घर येईपर्यंत ती मला काहीच म्हणाली नाही.