अंबादासअण्णांचे तीन रकाने

कुठला कॉम्प्युटर चांगला, असं कुणी विचारलं की अंबादासअण्णा उत्तर द्यायचे नाहीत. "काम काय हाय ते सांग," म्हणायचे आणि लाल पुठ्ठ्याची वही उघडायचे. वहीत डाव्या हाताला कामाचं नाव आणि पुढे तीन रकाने : विंडोज, लिनक्स, मॅक. ते काम करणारं फुकटचं सॉफ्टवेअर ज्यावर मिळेल, त्या रकान्यात बरोबरची खूण. पेठेत सगळीकडे चालणारी चोरीची सीडी त्यांना चालत नसे. "चोरीच्या सुताची चादर पांघरली तर थंडी जात न्हाय," म्हणायचे.

भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीत तिन्ही जातींची यंत्रं होती, तिन्ही दुसऱ्याने टाकून दिलेली. त्यांवर अण्णा चादरी-टॉवेलांची डिझाइनं काढायचे. मी सांगोल्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवायचे. शिफ्ट सुटली की त्यांच्याकडे शिकायला जायचे. माउस धरला की हाताला घाम सुटायचा.

"दाब की अम्मा. चावत न्हाय त्ये." घरात तेलुगू, दारात मराठी, लहानमोठ्या सगळ्या बायांना ते अम्माच म्हणत. "चावलंच तर मी हाय की हितं."

डिझाइन धाग्यांच्या जाळीत उतरवायचा त्यांचा प्रोग्राम मात्र विकत घेतलेला, विंडोजवरचा, फार जुना. कॉम्प्युटरच्या पाठीत बोटाएवढं एक लॉक खोचलं, तरच तो उघडायचा. अण्णांची सगळी डिझाइनं त्यात होती आणि दुसऱ्या कशात ती उघडत नसत. लॉक देणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. प्रत्येक डिझाइनला ते घरातल्या माणसाचं नाव द्यायचे, मोराच्या चादरीचं तेवढं नुसतं मोर. त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी म्हणाले, "तुज्या नावाचं काढलंय, अम्मा. पूजा होऊ दे, मग दाखवतो."

खंडेनवमीला आमच्याकडे माग, कात्री, शिलाई मशीन, सगळ्या हत्यारांची पूजा होते. पोटाला घालणारं खरं हत्यार ते लॉकच, म्हणून मी ते काढून पाटावर ठेवलं, हळदीकुंकू वाहिलं. नारळ फोडताना त्यावर पाणी उडालं. आरती झाल्यावर मी लॉक पदराने पुसलं आणि परत खोचलं. चट्कन आवाज झाला. पडद्यावर आलं, लॉक सापडत नाही.

मी तिथेच रडत बसले. अण्णांच्या बायको, लक्ष्मीअक्का, आतून धावत आल्या. अण्णा शांतपणे म्हणाले, "लॉक म्हातारं झालतं. गेलं." त्यांच्याकडून डिझाइनं घेणारा कारखानदार ओरडत आला, त्यालाही तेच सांगितलं. माझं नाव त्यांनी काढलं नाही. आणि मीही काढलं नाही.

त्या संध्याकाळी वहीत शेवटची ओळ आली : ‘जुन्या फायली उघडणे’. पुढे तीन कोरे रकाने.

मग वर्षानुवर्षं रोज सकाळी चहाआधी शोध. परदेशात कुणी काही फुकट केलेलं दिसलं की उतरवून बघायचं, आधी एका यंत्रावर, मग दुसऱ्या. फोटो, अक्षरं, हिशेब, सगळ्याला खुणा झाल्या. अण्णा तिघांना घरच्यांसारखं ओळखायला लागले. "विंडोज म्हंजे आठवडी बाजार. सगळं मिळतं, खिसा सांभाळायचा. लिनक्स म्हंजे शेजारीण. मागंल ते देती, पर कुटल्या डब्यात हाय ते सांगत न्हाय. आन मॅक मोठ्या घरचा जावई. हितलं पानी चालत न्हाय त्येला." शेवटच्या ओळीत मात्र तिघंही गप्प.

"अण्णा, नेटवरनं नवीन मोर घ्या की," कारखानदार म्हणायचा. "मोरांना काय तोटा?"

"मोर लई हायत, शेठ. माज्या धाग्यात नाचणारा त्यो एकच."

पुढे साखरेने त्यांची नजर अधू झाली. मला तिरुपूरला डिझाइन खात्यात काम लागलं, तेही त्यांच्याच शिकवणीवर. निघायच्या आदल्या दिवशी मी एक पाप केलं. जुन्या मोराच्या चादरीचा फोटो काढून पडद्यावर लावला आणि म्हणाले, "अण्णा, उघडलं बघा, लिनक्सवर." ते पडद्याला नाक लावून बसले. चित्र मोठं करत गेले, अजून मोठं, अजून. शेवटी नुसते धुरकट चौकोन उरले.

"ह्यात धागं न्हाईत, अम्मा," म्हणाले. रागावले नाहीत. वही मिटून ठेवली.

यंदा मार्गशीर्षात अण्णा गेले. मला रजा मिळाली नाही. अक्कांना फोनवर रडत रडत सांगितलं, लॉक माझ्या हातून गेलं होतं.

"ठावं हाय की. पदर वलाच हुता तुजा," अक्का म्हणाल्या. "कुणाला बोलू नको म्हनले. पोरगी भ्याली तर परत माउस धरायची न्हाय, म्हनले."

यंत्रं भंगारात गेली. वही आणि डिझाइनांची डिस्क अक्कांनी माझ्याकडे पाठवली. इथे खात्यात तिन्ही जातींचे कॉम्प्युटर आहेत, तिन्ही नवे. जेवणाच्या सुट्टीत मी एकेकावर शोधते. रकाने अजून कोरे आहेत, आणि भरतील असं आता मला वाटत नाही. डिस्क लावली की नावं ओळीने येतात : लक्ष्मी, लक्ष्मी दोन, मोर. सगळ्यात शेवटी, मंगल. ते माझं नाव. मी त्यावर दाबते. पडदा विचारतो, ही फाइल कशाने उघडू? खाली यादी देतो. मी ती शेवटपर्यंत वाचते आणि बंद करते.