खिडकीपाशी बसलेले अण्णा

आई गेल्यानंतर काही महिन्यांनी मी अण्णांना न्यायला जालन्याला गेले. मी एकुलती एक, नोकरी पुण्यात, आणि अण्णांना साधा चहाही करता येत नव्हता. गाडी दाराशी लागली तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "लेकीकडं चाललात, नशीबवान आहात भाऊ." अण्णा नुसते हसले. गाडीत बसल्यावर त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मी शिकायला म्हणून पहिल्यांदा घर सोडलं, तेव्हा मी वळणापर्यंत मागेच बघत होते. मला परत यायचं होतं ना.

माझा फ्लॅट पुण्याच्या कडेला, मांजरी गावात, सातव्या मजल्यावर. खाली ऊस, उसाच्या कडेनं उगवलेल्या नव्या इमारती. आई हे घर बघायच्या आधीच गेली. मी दिवसभर ऑफिसात, अण्णा एकटे. शनिवारी मी सदाशिव पेठेत तैलरंग शिकायला जायचे. तेव्हा इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं घरातलं दृश्य रंगवायला घेतलं होतं: खोली, खिडकीतून आत येणारा उजेड आणि त्यात बसलेला एक माणूस. शिकवणाऱ्या बाई अस्सल पुणेरी. माझा पहिला प्रयत्न पाहून म्हणाल्या, "सावली काळी असते हे आपण पाहिलंत, की कुणी सांगितलं?" मग त्यांनी मला सावलीतला निळा, जांभळा दाखवला. "नाक, डोळे, शर्ट ही नावं विसरा. उजेड कुठे पडलाय तेवढं बघा आणि तो तिथे ठेवा."

बसायला माणूस हवा होता. अण्णांना विचारलं. रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, केस चापून, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत ताठ बसले, फोटोला बसावं तसे.

"अण्णा, सहज बसा की."

"सहज कसं बसतेत, माय?"

हळूहळू जमलं त्यांना. ते बाहेर बघत, मी त्यांच्याकडे. आम्ही बापलेक इतका वेळ समोरासमोर कधी बसलोच नव्हतो. कॅनव्हासवर भिंत निळसर झाली, पांढऱ्या शर्टात पिवळा, गुलाबी उतरला. चेहरा मात्र चार-पाच फटकाऱ्यांचाच.

एका सकाळी त्यांच्या गालावर उजेडाचा बारीक ठिपका दिसला. पांढऱ्यात किंचित पिवळा मिसळून मी तो ठेवला. अगदी नेमका बसला. खूश होऊन जरा मागे सरले, पुन्हा अण्णांकडे बघितलं, आणि तेव्हा कळलं की ते रडताहेत.

मी ब्रश खाली ठेवला. "अण्णा, काय झालं?"

"काही नाही." त्यांनी बाहीनं गाल पुसला. मग म्हणाले, "तिथं तुझ्या आईची जागा रिकामी दिसायची. ओट्यापाशी, बाजेवर. इथं ती कधी राहिलीच नाही. इथं तिची रिकामी जागाबी नाही."

त्याच आठवड्यात मी त्यांना परत जालन्याला सोडून आले. काकूंनी डब्याची जबाबदारी घेतली. थंडीभर अण्णा तिथं राहिले. फोनवर आवाज मोकळा असायचा. "आज पोहे केले मी, खारट झाले," असं कौतुकानं सांगायचे. थंडी सरता सरता एका सकाळी काकूंचाच फोन आला. अण्णा झोपेतच गेले होते.

सगळं आटोपून आल्यावर ते अर्धवट चित्र मी क्लासला नेलं. बाईंना अण्णा गेल्याचं सांगितलं. त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. "यांना आता हात लावू नका," एवढंच म्हणाल्या.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले तुम्ही सगळे नव्या दारावर नावाची पाटी लावता, पडदे शिवून घेता. मीही केलं होतं. वाटलं होतं, झालं घर. परवा ऑफिसमधली मैत्रीण आली. बोलता बोलता खिडकीजवळच्या खुर्चीत टेकायला गेली, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "तिथे नको गं, इकडे बस."

ती बिचारी गोंधळली. तिला ती नुसती रिकामी खुर्ची दिसत होती.

इतक्या वर्षांनी पुण्यात माझं घर झालंय. ते व्हायला अण्णा जावे लागले.