मामाजींनी घातलेली माती

परवा नातीनं पुण्याहून एक ऑर्किड आणलं. व्हँडा म्हणे. नर्सरीवाल्या बाईंनी तिला अर्धा तास समजावलं होतं, की याला माती नको, कोळसा नको, काथ्याही नको, नुसतं टांगायचं. "आजी, तुला खरं वाटतं का गं?" तिनं विचारलं. मला हसू आवरेना. हेच एक वाक्य सांगण्यासाठी मी कधीकाळी सासऱ्यांसमोर तोंड उघडलं होतं, आणि त्या काळी आमच्याकडे याहून मोठं पाप नव्हतं.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं. आमचा वऱ्हाड चार-पाच वर्षांत घरबसल्या मध्य प्रदेश, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं हिंडून आला होता. मी मात्र एकदाच हलले. लग्न होऊन सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूरच्या पुढं असलेल्या आमच्या गावाहून वडनेर भोलजीला आले. इथली जमीन अशी काळी, की काठी रोवली तरी पालवी फुटेल, असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नाही, हा घरातला सगळ्यात कडक नियम. काही हवं असेल तर आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, सांगायचं. त्या स्वतः याच नियमात म्हाताऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे तो माझ्याकडून जरा जास्तच पाळून घ्यायच्या.

पहिल्या आखितीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी गेले, तर बांधावरचा आंबा वादळात आडवा पडलेला. त्याच्या सावलीत मी लहानाची मोठी झाले होते. मी हुंदके देऊन रडले. त्याच्या एका फांदीवर एक रोप होतं. लोक त्याला बांडगूळ समजून ओरबाडायचे, पण ते झाडाचं काहीच खात नसे. जाड मुळ्यांनी सालीला धरून नुसतं राहायचं, आणि उन्हाळ्यात पिवळसर तपकिरी, जांभळ्या जिभेची फुलं द्यायचं. वास असा की वाटसरू थांबावा. मी ते हळूच सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन सासरी आणलं. आंब्याचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

आल्या आल्या ते ओसरीच्या खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर खुंटी रिकामी. मामाजींनी रॉकेलचा डबा अर्धा कापून, त्यात वावरातली काळी माती आणि मुरलेलं शेणखत भरून, रोप गळ्यापर्यंत पुरलं होतं.

"सूनबाईनं माहेरून झाड आणलं अन् उपाशी टांगून ठेवलं," ते आत्याबाईंना सांगत होते. "आपल्या घरी काय मातीचा दुष्काळ हाय?"

एवढं कौतुक, की धड रागही येईना. रोज आंघोळ झाली की तुळशीच्याही आधी माझ्या रोपाला तांब्याभर पाणी मिळायचं. आषाढात खालची पानं पिवळी पडू लागली. कोणी नसताना मी बोटानं माती उकरून पाहिली. चांदीसारख्या पांढऱ्या मुळ्या तपकिरी, लिबलिबीत झाल्या होत्या. मामाजींना पिवळं पान दिसलं की ते आणखी एक मूठ शेणखत घालायचे. ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. हे म्हणाले, "बाबाले मी शेती शिकवू काय?" आत्याबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "एका झाडासाठी सासऱ्याले कोणी शिकवत नसते बाई."

एका सकाळी मी अंगण झाडत होते. मामाजी तांब्या घेऊन आले आणि रोपावर वाकले. त्यांचा हात लागला तसं ते बुडातून डुगडुगलं. मग मला राहवलंच नाही.

"मामाजी, त्याले पाणी नका देऊ. त्याले मातीच नाही पाह्यजे. ते मरून राह्यलं."

हातात झाडू, पदर कपाळावर. आत्याबाई चुलीपासून धावतच बाहेर आल्या. "तोंडाले काही कुलूप हाय का नाही तुह्या?"

मामाजींनी तांब्या खाली ठेवला. "थांब वं, बोलू दे तिले," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मंग कशात लावू, सूनबाई?"

"कशातच नाही."

"कशातच नाही?"

काळ्या मातीच्या त्या धन्याला हे पटणं अवघडच होतं. पण रोप त्यांनीच उपसलं, धुतलं. सडक्या मुळ्या हातात निघून आल्या. धड अशा तीनच राहिल्या. त्या पाहून म्हातारा इतका खजील झाला, की मलाच वाईट वाटलं. मग त्यांनी एकेक सुचवायला सुरुवात केली. खापराचे तुकडे? नको, ओल धरतात. करवंटी? तीही धरते. टोपली चालली असती, पण मुळ्यांना बिलगायला आंब्याच्या सालीसारखं काहीतरी खरबरीत हवं होतं. शेवटी त्यांनी गोठ्यातून बाभळीचं एक मोडकं जू आणलं. रोप दोन दिवस सावलीत सुकवलं, तेव्हा त्यांचाच जीव खालीवर होत होता. मग जुन्या धोतराच्या चिंध्यांनी ते जुवाला बांधलं आणि अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं. सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारपर्यंत मुळ्या कोरड्या झाल्या पाहिजेत. हे सगळं मी त्यांना माझ्या तोंडानं सांगितलं. आत्याबाई चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाद्रपदात हिरव्या टोकाची नवी मुळी निघाली. मामाजींनी ती अर्ध्या गावाला दाखवली. पुढच्या उन्हाळ्यात रोप फुललं, तेव्हा माणसं विचारायला लागली, की हे मातीवाचून जगतं कसं? "सूनबाईले विचारा," ते म्हणायचे, आणि मला खरंच ओसरीवर बोलवायचे.

त्या दिवसांतली एक सकाळ. आत्याबाई जुवाखाली बराच वेळ उभ्या होत्या. मी पाणी घेऊन गेले, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "मीबी माहेरून शेवंती आणली होती. पांढरी. माह्या सासऱ्यानं कौतुकानं रोज दोन-दोन तांबे पाणी घातलं. सडली."

"मंग तुम्ही सांगतलं नाही त्यायले?"

"नाही. रोज पाहून राह्यली होती मी तिले मरतांनी," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी जुवावर बेतानं पाणी शिंपडलं, आणि मला विचारलं, "इतकं पुरते का वं?"